अर्धी ओढ

तापीच्या बंधाऱ्यामागे पाणी थांबतं, तिथे काठावर एक पत्र्याची पाटी होती. चुडामणने ती डाव्या हाताने रंगवली होती, कारण उजवा कोपरापासून कडबा कापायच्या यंत्रात गेला होता. पाटीवर लिहिलेलं: ‘धडधाकट माणसांनी काठावर थांबावे.’ अक्षरं उतरत उतरत कोपऱ्यात गेली होती, शेवटचा ‘वे’ पाटीबाहेर पडायच्या बेतात होता. येणारे-जाणारे वाचून हसत. मंडळाची माणसंही हसत. पण नियम खरा होता.

तापी शीड मंडळाच्या होडीत सुकाणू धरणारा, शीड सांभाळणारा, नवख्याला शिकवणारा, सगळे कुठे ना कुठे मोडलेलेच असायचे. ज्यांनी त्यांना उचलून, ढकलून, मोटारसायकलच्या मागे बांधून आणलं, ते आई-बाप, भाऊ, नवरे बाभळीखाली बसायचे. रविवारचे दोन तास त्यांनी नुसतं बघायचं.

"बसू द्या त्यांना," चुडामण म्हणायचा. "आपण जिंदगीभर काठावर बसून राहिलो. त्यांना दोन घंटे बसायला काय होते?"

मंडळ तिघांनी उभं केलं होतं. शाहपूरचा चुडामण, केळीवाला, तोंडाने फटकळ. बुऱ्हाणपूरची रुख्मिणी, एकोणिसाव्या वर्षी केळीच्या भरल्या ट्रकवरून पडली आणि कमरेखाली तिला पुढे कधी काही कळलं नाही. चटका नाही, मुंगी नाही, काटा नाही. आणि नेपानगरचा प्रभाकर. त्याचे वडील अमळनेरकडून कागदाच्या मिलमध्ये कामाला आले ते तिथलेच झाले. प्रभाकरचे डोळे पंचविशीत विझत गेले. भोपाळला अंधांच्या शाळेत तो खुर्च्या विणायला शिकायला गेला आणि तिथल्या तलावावर होडी शिकून आला. खुर्ची त्याने पुढे एकही विणली नाही.

वारा तो गालाने वाचायचा. डाव्या गालाला गार लागलं की सुकाणू इतकं, मानेमागे लागलं की इतकं. घरी त्याच्या हातात पाण्याचा पेलासुद्धा कुणीतरी आणून द्यायचं, रस्त्याने कुणीतरी कोपर धरून न्यायचं. सुकाणूवर बसला की मात्र माणसं त्याच्या हाताने जायची. रुख्मिणी होडीच्या नाकाशी बसायची, डोळे तिचे. "जलकुंभीचा ढीग डावीकडे." "खडक." "आता वळ." आठ वर्षं ती बोलायची आणि होडी वळायची. ट्रकवरून पडल्यापासून तिला आपण चालतोय असं कुठे वाटलं असेल, तर ते तिथेच.

मग ते चांदनीचं झालं.

नेपानगरहून पॅसेंजरने प्रभाकर एकटा यायचा. थांबे तीन: चांदनी, असीरगढ, बुऱ्हाणपूर. गाडी सिग्नलला उभी राहिली तर तो थांबा धरायचा नाही, आणि ते ओळखायचं चहावाल्याच्या हाकेवरून. हाक नाही तर स्टेशन नाही. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी तो अडीच तास उशिरा आला. बुटात चिखल, चेहरा राखेसारखा.

"कुठे होतास रे?" रुख्मिणी म्हणाली. "चुडामणभाऊ सगळ्यांना सांगून राहिला, का प्रभाकर लग्न करून पळाला."

तो हसला नाही. "रुख्मे, उजव्या बाजूला ये. डावा कान गेलाय."

तिने खुर्चीची चाकं फिरवली.

"चांदनीला उतरलो," तो म्हणाला. "बुऱ्हाणपूर समजून. हाक ऐकूच आली नाही एकदाही, म्हणून नुसते थांबे मोजले. त्यातले दोन सिग्नलचे होते. खाली उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, नदीवर, राजघाट चल. तिथे रिक्षाच नव्हती म्हणे. मी कोणाशी बोललो कोण जाणे."

डोळ्यांचाच आजार कानात उतरला होता. डॉक्टर म्हणाले होते, उरलेलं ऐकणं वर्षभर राहिलं तर राहिलं.

"चुडामणला सांगू नको."

का, ते तिने विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी खंडव्याहून एक माणूस आला होता, जन्माचा बहिरा आणि पुढे आंधळा झालेला. त्याला सुकाणू शिकायचं होतं. चुडामण म्हणाला होता, "हे बघा, आंधळा चालते, बहिरा चालते. दोन्ही एकातच असलं तर होडीत त्याला सांगशील काय, कपाळ? सवारी म्हणून बसवा त्याला." सगळे हसले होते. प्रभाकरही हसला होता. मोडलेल्यांच्या पंगतीतही एक शेवटचं पान असतं, आणि त्या पानावर कोण बसणार हे मोडलेलेच ठरवतात.

त्या आठवड्यात रुख्मिणीने सुताची पातळ दोरी आणली, पावरलूमवर गाठोडी बांधतात तसली. एक टोक प्रभाकरच्या डाव्या मनगटाला, दुसरं तिच्या हातात. एक ओढ म्हणजे शिडाला ढील दे. दोन म्हणजे आवळ. तीन म्हणजे वळ. आणि प्रत्येक वेळी, कळलं म्हणून, प्रभाकरने परत द्यायची एक अर्धी ओढ. एवढीशी. आधी अर्धी द्यायची, मग सुकाणू हलवायचं.

ही अर्धी तिच्या आईची होती. रुख्मिणी पडून आली तेव्हा आईने, गोदाबाईने, तिच्या पाठीला पोती लावून तिला जात्याशी बसवलं होतं. पाय गेले तर गेले, हात तरी राहू दे. पिठाची गिरणी दोन घरं पलीकडे असताना पहाटे मायलेकी दळायच्या. खुंट्यावर दोघींचे हात. आई ओवीचे तीन चरण म्हणायची आणि थांबायची. उरलेला अर्धा लेकीने म्हणायचा, अशी त्यांच्या घरची रीत. लेक मुकी राहिली तर जातं थांबायचं.

जात्याच्या खुंट्याला
तुझा हात, माझा हात
कोण ओढी, कोण सोडी
...अंधारात.

‘अंधारात’ एवढंच रुख्मिणीचं. सुरुवातीला ती महिनाभर बोललीच नव्हती. आई तीन चरण म्हणायची, जातं धरून ठेवायची, आणि वाट बघायची. ज्या पहाटे लेकीच्या तोंडून ‘अंधारात’ निघालं, त्या पहाटे गोदाबाईने पिठात डोळे पुसले.

मंडळाला त्यांनी सांगितलं, रुख्मिणी पाण्यात पडली तर प्रभाकरला कळावं म्हणून ही दोरी. चुडामणने ती बोटात धरून बघितली. "कळावं म्हणून का लग्नगाठ म्हणून? आधी सांगा, म्हणजे मी पेढे आणतो."

सहा महिने कुणाला कळलं नाही. ती तोंडाने बोलायची लोकांसाठी आणि दोरीने बोलायची त्याच्यासाठी. होडी पूर्वीपेक्षा सरळ जायची. प्रभाकर एकदा म्हणाला, "तुझं बोलणं आता हातातच येतं. कानापर्यंत लांब जायचं काम नाही." कान आटत होते आणि त्याचा हात उमलत होता. अर्धी ओढ तिच्या मुठीत यायची तेव्हा तिची मूठ नकळत सैल व्हायची, आईच्या मुठीसारखी.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. बाभळीवर तुटलेले पतंग अडकलेले. वारा उत्तरेचा, पाठीमागून येणारा. त्या दिवशी होडीत तिसरी होती अलका, शाहपूरच्या शाळेतली बाई. स्कूटरच्या अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. पहिलीच खेप, म्हणून तोंड बंद होत नव्हतं.

"शाळेत पोरं विचारतात ना ताई, बाई तुमचा पाय कुठे गेला? मी सांगते, बदलीवर गेला. अर्ज केलाय, येईल परत."

रुख्मिणी इतकी हसली की तिचा तोल गेला. कमरेत जोर नसलेल्या माणसाला हसायलाही काहीतरी धरावं लागतं.

"आणि तो मागे दिसतो तो असीरगढच ना?" अलकाने विचारलं.

"हाव, तोच. थांब, दाखवते."

किल्ला पाठीमागे होता. वळून दाखवायचं तर एका हाताने होडीची कड धरायला हवी, दुसरा हात बोट दाखवायला. रुख्मिणीने दोरीचं टोक मांडीखाली दाबलं आणि वळली. जिथे काही कळत नाही अशा जागी तिने दोरी ठेवली. सहा महिन्यांत असं एकदाही केलं नव्हतं.

"ती वरची भिंत दिसली? ऊन पडलं की..."

दोरी कधी सरकली ते तिला कळलं नाही. दोरीचा सैल भाग कडेवरून पाण्यात गेला, टोकही गेलं, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या जलकुंभीच्या मुळांनी ते धरलं. होडी पुढे, ढीग मागे. रुख्मिणीला दिसलं ते एवढंच: प्रभाकरचं मनगट उचललं गेलं. एकदा. सुटलं. परत उचललं गेलं. परत. त्याचा चेहरा लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसासारखा झाला. मग त्याने मनगटाने हलकेच अर्धी ओढ दिली, पाण्याला.

"नको! प्रभाकर, वळू नको! नको!"

त्याने सुकाणू ढकललं. पाठीमागचा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला शिरला, शिडाचा आडवा दांडा सगळ्या ताकदीने फिरला आणि अलकाच्या गळ्याखाली लागला. हाड मोडल्याचा आवाज रुख्मिणीने ऐकला. मग होडी आडवी झाली.

लाइफ जॅकेट सगळ्यांना होतं. कुणी बुडलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा पाटीचा नियम मोडला. बाभळीखालचे सगळे धडधाकट कपड्यांनिशी पाण्यात धावले. प्रभाकर पाण्यात हात फिरवत ओरडत होता, "रुख्मे, दोर! दोर कुठंय?" ती त्याच्यापासून चार हातांवर होती आणि "मी इथे आहे, इथे आहे" म्हणत होती. तो दुसरीकडेच हात फिरवत राहिला.

पुढच्या रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये मंडळ बसलं. अलका गळ्यात पट्टा बांधून आली होती. प्रभाकर कोपऱ्यात, उजवा कान सगळ्यांकडे करून. कोण बोलतंय ते त्याला कळत नव्हतं, फक्त शेड घुमल्यासारखं होत असावं.

"नियम जुना आहे," चुडामण म्हणाला. आज त्याने एकही टोमणा मारला नव्हता. "ज्याचा शब्द चुकला तो काठावर. आता कोणाचा चुकला ते सांगा. मागचा वारा असून प्रभाकर वळला का?"

रुख्मिणीने आठवडाभर एवढंच घोकलं होतं. खरं सांगावं तर दोरी मांडीखालून सरकली हे सांगावं लागेल. मग विचारतील, तू ओरडली ती त्याला ऐकू कशी आली नाही? मग ते शेवटचं पान. मग सवारी. त्याच्या हातातून सुकाणू गेलं की कोपर धरणारी माणसं तेवढी उरतील.

"मी सांगितलं वळ म्हणून," ती म्हणाली. "चूक माझी."

"पण ताई," अलका म्हणाली, "तुम्ही तर नको नको ओरडत होत्या. मी ऐकलं ना."

"ते नंतर. आधी मीच म्हटलं."

"तुझं ‘वळ’ अलकाबाईने नाही ऐकलं?" चुडामणने विचारलं.

"हळू म्हटलं."

"हळू म्हटलेलं प्रभाकरने ऐकलं, आणि ओरडलेलं नाही ऐकलं?"

"वारा होता, भाऊ."

चुडामणने तिच्याकडे बघत उरलेला हात तोंडावरून फिरवला. "चल, वारा तर वारा. रुख्मिणीताई, तू सहा महिने काठावर. समोर तुझ्या जागी धर्मेंद्र बसेल. त्याचा आवाज खणखणीत आहे, घाटावरून बोलला तर बाजारात ऐकू येते."

दोघं-तिघं हसले. रुख्मिणीला तेव्हा कळलं आपण काय केलं ते. सुकाणू तिने वाचवलं होतं आणि दोरी कापून टाकली होती.

लोक पांगल्यावर प्रभाकर भिंतीला चाचपत तिच्या खुर्चीपाशी आला. तळहात पुढे केला. गेल्या महिन्यापासून ते असंच बोलायचे. घाईत ती शिरोरेघ गाळायची.

"काय ठरलं? लिही."

तिने बोटाने लिहिलं: मी कबूल केलं. ओढ माझी होती.

"तुझी?" त्याने तिचं बोट धरून ठेवलं. "तीन?"

तिने तीनदा तळहात दाबला.

त्याच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. किती दिवसांनी. "म्हणजे हात खरा आहे माझा. रुख्मे, मला वाटलं होतं आता हातही गेला. डोळे, कान, मग हात. रात्रंदिवस तेच. तुझी ओढ होती म्हणजे मी बरोबरच ऐकलं."

तो तसाच हसत उभा होता, आणि मग हसू हळूहळू ओसरायला लागलं. बंधाऱ्याचे दरवाजे उघडल्यावर पाणी उतरतं, तसं.

"पण मी अर्धी दिली होती."

तिने लिहिलं: मिळाली.

"नाही मिळाली." त्याने हात मागे घेतला नाही. "मी अर्धी दिली की तुझी मूठ सैल होते. दरवेळी. तुला माहीत नाही, मला माहीत आहे. त्या दिवशी अर्धी गेली आणि कुठेच पोचली नाही. हाताला कळलं ते, पण तोवर सुकाणू ढकललं होतं. खोटं का बोललीस?"

तिने लिहिलं, थांबत थांबत: मांडीखाली ठेवली. सरकली. कळलं नाही.

"मग ते सांगायचं."

तिने लिहिलं: तुझं कळलं असतं.

बाहेर कुणीतरी होडीतलं पाणी उपसत होतं.

"आई सांगते, कान सुधरेल. भाऊ सांगतो, दिल्लीला डॉक्टर आहे. गल्लीतली पोरं रस्ता ओलांडून देतात आणि सांगतात, काका, काहीच गाडी नव्हती. खोटं बोलणाऱ्यांचा मला तुटवडा नाही, रुख्मे. दोर तेवढा खरा होता." आठवडाभर मनगटावरच राहिलेली गाठ त्याने दाताने सोडवली. पाण्याने ती आवळली होती, सुटायला वेळ लागला. "तूही मला काठावर बसवलंस."

मग तो शेडच्या दाराकडे तोंड करून नको इतक्या मोठ्याने बोलला, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ते बोलतात तसा.

"चुडामणभाऊ! ताईचं चुकलं नाही. मला ऐकू येत नाही. सहा महिन्यांपासून."

चुडामण पाण्याकडून आला. त्याने ऐकलं होतं. सगळ्या काठाने ऐकलं होतं. तो बोलायला लागला, "अरे, आंधळा चालते, बहिरा..." आणि अर्ध्यातच थांबला. त्याने प्रभाकरच्या खांद्यावर हात ठेवला.

"सवारी म्हणून बस म्हणशील," प्रभाकर म्हणाला. "मी नाही बसत."

त्या दिवशी स्टेशनपर्यंत त्याला धर्मेंद्रने नेलं. कोपर धरून.

फाल्गुनात रुख्मिणी नेपानगरला गेली. भावाच्या रिक्षातून, खुर्ची मागे बांधून. क्वार्टरच्या ओट्यावर प्रभाकरची आई, मालूबाई, गहू निवडत होती. "ये गं बाई, ये. तो आहे ना आत. आजकाल बरा आहे. काम करतो."

तो जमिनीवर बसून खुर्ची विणत होता. प्लॅस्टिकची पट्टी वर, खाली, वर. बोटं चपळ होती. शेजारी तीन खुर्च्या विणून तयार होत्या.

तिने त्याच्या गुडघ्याला हात लावला. त्याने तो चाचपला, ओळखला, आणि तळहात पुढे केला. ती काही लिहिणार नव्हती. तिने बरोबर आणलेली तीच दोरी त्याच्या मुठीत ठेवली, दुसरं टोक धरलं, आणि ओढलं. एक. दोन. तीन.

ती थांबली, आई थांबायची तशी.

मालूबाईच्या सुपात गहू खळखळत होते. बाहेर मिलचा भोंगा झाला, तो त्याला ऐकू आला नाही. प्रभाकरची मूठ दोरीवर होती. मग त्याने मूठ उघडली, दोरीची नीट गुंडाळी केली, शिवणाच्या दोऱ्याची करतात तशी, आणि तिच्या मांडीवर ठेवली. कुठे ठेवली ते तिला बघूनच कळलं.

"दमली असशील," तो म्हणाला. "आई, चहा कर हिला."

आता चैत्र आहे. चुडामणने पाटी काढली नाही, पण वाचून कुणी हसत नाही. अलका बरी झाली. दोरीची भाषा मला शिकवा म्हणून तिने दोनदा विचारलं. रुख्मिणी म्हणाली, कोणासाठी? सहा महिने सरायचे आहेत, पण सरल्यावरही होडीत बसायचं असं तिच्या मनात येत नाही. रविवारी ती येते. बाभळीखाली, आई-बापांच्या, नवऱ्यांच्या रांगेत खुर्ची लावते.

धर्मेंद्रचा आवाज पाण्यावर खणखणत असतो. होडी लांब गेली की ती खुर्ची उतारावर पाण्याच्या अगदी कडेला नेते, चाकाला दगड लावते आणि दोरीचं टोक पाण्यात सोडते. जलकुंभी वाहत येते, अडकते. दोरी ताणते. एक. मग दोन. तीन कधीकधी होतात, कधी होत नाहीत.

आज तीन झाल्या. उरलेली अर्धी तिची होती. तिने ती दिली, एवढीशी, आणि मूठ सैल करून बसून राहिली.